तामिमुंतच्या तालीतलं बी

हद्दूच्या नावाचं वॉरंट निघालं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. गुन्हा एवढाच, की त्यानं किफ लावला होता. आता तिझी उझ्रू गावात गांजा कोण लावत नव्हतं? मशिदीच्या भिंतीपासून वरच्या देवदारांच्या रानापर्यंत दुसरं पीकच नव्हतं. त्या उतारावर गहू वीतभर वाढून मान टाकतो आणि बटाटा गोटीएवढा निघतो. पण पाटाच्या पाण्यावरून कुणाशी तरी वाजलं, त्या माणसानं खाली ठाण्यात जाऊन हद्दूचं नाव सांगितलं, आणि नाव एकदा कागदावर चढलं की डोंगरातल्या माणसाला ते उतरवता येत नाही. सांगणाऱ्याचं नावही पुढे आणखी कुणी सांगितलं, ती गोष्ट वेगळी.

गावातली निम्मी पुरुषमंडळी अशीच होती. आठवडी बाजारापर्यंत जायचं, त्याच्या खाली नाही. जीपचा आवाज आला की रानात शिरायचं. ओळखपत्राची मुदत संपली तरी नवं काढायला कचेरीत जायचं नाही, कारण कचेरीच्या शेजारीच ठाणं. हद्दूला त्याचं फारसं काही वाटत नसे. शेत वर होतं, घर वर होतं, खाली जाऊन करायचं तरी काय, असं तो म्हणायचा. राहमाच्या पोटात दुखू लागलं तोपर्यंत म्हणायचा.

राहमा त्याची बायको. वॉरंट निघून सहा वर्षं झाली होती, मुलगी नुंजा तेव्हा सहाचीच. दोन दिवस ओवा-पुदिना झाला, तिसऱ्या दिवशी राहमाला उभं राहवेना. भाजीच्या गाडीत घालून तिला समुद्रकाठच्या शहरात, अल होसेमाच्या इस्पितळात नेलं, ते हद्दूनं नव्हे, त्याच्या थोरल्या बहिणीनं, तामिमुंतनं. हद्दू गाडीबरोबर शेवटच्या वळणापर्यंत चालत गेला आणि तिथं थांबला. पाचव्या दिवशी राहमा गेली. मयत वर आणायला नवऱ्याची सही हवी होती, ओळखपत्र हवं होतं. तामिमुंतनंच तिला अंघोळ घातली, तिथल्याच कबरस्तानात माती दिली, आणि परत येऊन भावाच्या दारात बसून सगळं सांगितलं. कफन कसलं होतं, नमाजाला किती माणसं होती, वारा कुठल्या बाजूनं होता. हद्दूनं सगळं ऐकून घेतलं. बायकोची कबर त्यानं पुढे बारा वर्षं पाहिली नाही.

तामिमुंत त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, गावाच्या सगळ्यात वरच्या अंगाला, उतारावर बांध घालून केलेल्या तिच्या दोनच ताली. गावात इतर सगळ्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच परदेशी बियाणं धरलं होतं. त्याची झाडं पुरुषभर वाढत, माल दुप्पट देत आणि पाणी म्हशीसारखं पीत. तामिमुंतनं ते कधी लावलं नाही. तिच्याकडे आईकडून आलेलं देशी बी होतं, आईकडे तिच्या आईचं. झाड कमरेएवढंच, पण मार्चमध्ये पावसावर पेरलं की ऑगस्टपर्यंत पाण्याचा थेंब मागत नसे. जूनमध्ये ती पहाटे तालीत उतरायची आणि एकेक झाड बघत जायची. कुठलं आधी फुललं, कुणाचा देठ लालसर, कोण उन्हात पान पाडत नाही. निवडलेल्या झाडाला लोकरीचा धागा. खालून परदेशी पराग उडून एखादं झाड बिघडलेलं दिसलं, तर पान बघूनच ते ओळखायची आणि उपटून बकरीपुढे टाकायची. आई गेल्यापासून सलग एकोणतीस वर्षं तिनं हे केलं. गावकरी थट्टा करायचे, की तामिमुंतचं पीक नखाएवढं आणि निगा नवरीएवढी.

मग कायदा आला. हद्दू तेव्हा बावन्न वर्षांचा होता.

शाळेच्या खोलीत सभा झाली. कचेरीतून दोघं आले होते, एक फायलीवाला आणि एक बोलणारा. बोलणाऱ्यानं सांगितलं, की औषधासाठी आणि कारखान्यासाठी किफ लावायला आता परवाना मिळेल. त्यासाठी सोसायटी काढायची. सरकारनं मान्य केलेलंच बियाणं पेरायचं, आलेला सगळा माल परवानेवाल्या कंपनीलाच द्यायचा. सोसायटीच्या शिवारात आणि सभासदांच्या घरात दुसरं बी, दुसरं झाड दिसलं तर परवाना रद्द. मागून कुणीतरी विचारलं, की आमच्या वॉरंटांचं काय. तो म्हणाला, जो कायद्याच्या वाटेनं येईल त्याच्याकडे कायदाही वेगळ्या नजरेनं बघेल. हे काही वचन नव्हतं. पण हद्दूला ते वचनासारखं ऐकू आलं.

अकरा घरांनी नावं दिली. पहिली सही हद्दूची, म्हणून प्रमुखही तोच. बुश्ता दुकानदारानं मात्र नाव दिलं नाही. हद्दू आणि तो लहानपणी एकाच मदरशात मार खाल्लेले. बुश्ता चहात साखर ढवळत म्हणाला, "काय सरकारी जावई, हुंड्यात काय मिळालं?"

"माणसासारखं जगायला मिळेल," हद्दू म्हणाला.

"मिळेल तेव्हा मलाही बोलव. मी आजवर बोकडासारखाच जगलो."

अडचण निघाली ती तामिमुंतच्या तालींची. त्या सोसायटीच्या शिवाराच्या डोक्यावर होत्या. नकाशा काढायला आलेल्या माणसानं बोट ठेवून विचारलं, हे कुणाचं. वरून पराग खाली आला की मान्य बियाण्याचं पीक बाद, हे त्यानं दोनदा बजावलं. सभासदांनी हद्दूकडे पाहिलं. बहीण त्याची, तेव्हा सांगायचंही त्यानंच.

तो गेला तेव्हा ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. हद्दूनं परागापासून सुरुवात केली. नियम सांगितला, नकाशा सांगितला, अकरा घरांची पोरंबाळं सांगितली.

"ताई, दोनच तालींचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

"दोनच आहेत माझ्याकडं."

"सोसायटीत तुझंही नाव घालू. नवं बी देतील."

"नव्याला पाणी लागतं. वर कुठून आणू?"

 शेंगांची टरफलं तिच्या पुढ्यात वाढत होती. मग त्याच्या तोंडून निघालं, "मला रस्त्यानं चालायचंय, ताई. दिवसाढवळ्या. राहमाच्या कबरीवर जायचंय."

तामिमुंतचे हात थांबले. "मग हे आधी बोलायचं," ती म्हणाली. "तासभर नुसता पराग-पराग करतोयस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तालीत उतरली. मार्चमध्ये पेरलेली झाडं गुडघ्याएवढी झाली होती. हद्दू मदतीला वाकला तसं तिनं त्याला बांधावर बसवलं. लावलं मी, उपटणारही मीच, म्हणाली. दुपारपर्यंत दोन्ही ताली मोकळ्या झाल्या. घरात साठवलेलं बीही तिनं काढलं आणि त्याच्या देखत अंगणात कोंबड्यांपुढे ओतलं. मूठभर तेवढं फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं.

"हे ठेव. तू प्रमुख, तुझ्या घराची झडती कोण घेतोय? मला दाखवू नकोस, कुणाला सांगू नकोस. कोरडं राहील एवढं बघ. चार वर्षं जगतं."

"ठेवतो," हद्दू म्हणाला.

चहाच्या पत्र्याच्या डब्यात घालून त्यानं ते आढ्यावर ठेवलं. तेव्हा त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

तीन आठवड्यांनी तपासणीची गाडी आली. घाटाच्या एकोणिसाव्या वळणावर ती दिसते आणि गावात पोचायला तिला पाव तास लागतो. हद्दूनं ती पाहिली आणि सोळा वर्षांची भीती पायातून वर चढली. पळायचं कारण नव्हतं, तरी पाय रानाकडे वळत होते. परवाना त्याच्या खिशात होता. पण डोक्यात एकच, आढ्यावरचा डबा. डबा सापडला तर सोसायटी गेली, रस्ता गेला, आणि जुनं वॉरंट ते आहेच. अंगणात नुंजा भाकरी टाकायला मातीची भट्टी पेटवून बसली होती. हद्दूनं डबा काढला, फडकं सोडलं आणि सगळं बी भट्टीत टाकलं. ते तडतडलं, थोडा वेळ. तेलकट वास सुटला. नुंजानं बापाकडे पाहिलं, मग भट्टीकडे, आणि काही न विचारता भाकरी टाकली.

तपासणीवाले घरात आलेच नाहीत. अंगणात बसून त्यांनी चहा घेतला, ताजी भाकरी ऑलिव्हच्या तेलात बुडवून खाल्ली, तिची तारीफ केली. मग शिवारात जाऊन रोपं मोजली, तामिमुंतच्या मोकळ्या ताली लांबूनच पाहिल्या, एका कागदावर हद्दूची सही घेतली आणि गेले. गाडी वळणाआड गेल्यावर हद्दू भट्टीपाशी जाऊन बसला. राखेत काही शिल्लक नव्हतं. आज संध्याकाळी ताईला सांगू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी ठरवलं की काढणीनंतर सांगू.

नव्या बियाण्यानं पहिल्या वर्षी झऱ्याचं पाणी सगळं ओढलं. सोसायटीनं ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि तामिमुंतच्या मोकळ्या तालीत लावलेला घेवडा जुलैतच वाळला.  माल चांगला आला. पण कंपनीची गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही, महिन्यानं आली. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी, माल कमी. कंपनीचा माणूस पोत्यात हात घालून म्हणाला, फुलात पाहिजे तेवढा कस नाही, निम्माच घेईन. खाली सपाटीवर मोठमोठ्या शेतांना परवाने मिळाले होते. तिथं विहिरी होत्या, ट्रॅक्टर होते, कंपनीच्या दारात गाडी लावायची सोय होती. उरलेला निम्मा माल दुसऱ्या कुणाला विकायची कायद्यानं बंदी, म्हणून तो सोसायटीच्या शेडमध्ये पडून राहिला आणि हिवाळ्यात त्याला बुरशी आली. अकरातली सात घरं गुपचूप जुन्या धंद्याला लागली. कापड ताणलेल्या भांड्यावर टिपऱ्या मारून चरस चाळतात, ते आवाज रात्री पुन्हा येऊ लागले. हद्दूला ते ऐकू येत. प्रमुख म्हणून त्यानं ते कळवायला हवं होतं. त्यानं खिडकी लावून घेतली.

बुश्ता त्याला एवढंच म्हणाला, "आधी आपल्याला शिपाई लुटायचे. आता निदान पावती मिळते."

आणि मग पुढच्या ऑगस्टमध्ये माफी आली. किफ लावल्याबद्दल ज्यांच्या-ज्यांच्यावर खटले होते, वॉरंटं होती, त्या हजारो शेतकऱ्यांना राजवाड्यातून एका फर्मानानं माफी. बातमी बुश्ताच्या दुकानातल्या रेडिओवर लागली तेव्हा हद्दू तिथंच होता. कुणी नाचलं नाही. एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसून रडू लागला, दोघंजण रस्त्याच्या मधोमध जाऊन नुसते उभे राहिले. सोसायटीत नसलेल्यांना माफी, असलेल्यांनाही माफी. बुश्तालाही. बुश्तानं हद्दूच्या हातात चहाचा पेला दिला. या वेळी तो थट्टा करील असं वाटत होतं, पण त्यानं केली नाही. हद्दूला तेच जास्त लागलं. ज्यासाठी त्यानं बहिणीच्या ताली उपटायला लावल्या, ते दोन वर्षं थांबला असता तर घरबसल्या मिळालं असतं.

ओळखपत्र हातात पडल्यावर तो शहरात जायला निघाला, तामिमुंतला बरोबर घेऊन. कबर तिलाच माहीत होती. कबरस्तान समुद्राच्या वर, उतारावर. तिनं न चुकता ओळी ओलांडल्या आणि एका लहानशा, चुना उडालेल्या दगडापाशी थांबली. हद्दूनं फातिहा म्हटला. अंजिरं आणली होती ती वाटेतल्या भिकाऱ्यांना वाटली. तामिमुंतनं कबरीवरचं वाळकं गवत उपटलं आणि राहमा इस्पितळात शेवटच्या दिवशी काय बोलली होती ते सांगितलं. हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. राहमा म्हणाली होती, हद्दूला सांगू नका मला किती दुखतंय, तो खाली उतरेल आणि पकडला जाईल.

परतीच्या गाडीत तामिमुंत खुशीत होती. खिडकीपाशी बसून ती बाहेरचं सगळं बघत होती. मधेच वळून म्हणाली, "बाजारात ऐकलंस ना? देशी बियालाही परवाना मिळणार आहे. पाणी लागत नाही म्हणून. आता आठवलं त्यांना."

हद्दूनं ऐकलं होतं. दोन दिवसांपूर्वीच कचेरीतून सोसायटीला पत्र आलं होतं.

"मार्चमध्ये पेरू," ती म्हणाली. "तुझ्याकडचं आहे ना नीट?"

कबरीवरून येऊन तासही झाला नव्हता. तिच्या बोटांना अजून तिथली माती होती. हद्दू म्हणाला, "आहे."

पुढचे चार महिने त्यानं बी शोधलं. आधी गावातच, पण तामिमुंतकडून पूर्वी कधी कुणी मूठभर नेलंच असेल, तर ते परदेशी पिकात मिसळून केव्हाच बाटलं होतं. मग शेजारची गावं. लोक हसायचे. आता रस्त्यानं उघड चालता येत होतं, आणि तो चालला तो असा, दारोदार, लोकांच्या बियाण्याचे डबे हुंगत. सगळीकडे तेच टपोरं, परदेशी. बर्फ पडायच्या आधी तो खिंड ओलांडून दक्षिणेकडच्या उतारावर गेला. तिथं शाएब नावाच्या, ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याकडे देशी बी होतं. म्हाताऱ्यानं त्याला बाकल्याच्या डाळीचा दाट बिसारा जेवू घातला, स्वतःच्या नळीतून किफ ओढायला दिला आणि विचारलं, तुमच्याकडचं कुठं गेलं. हद्दू म्हणाला, उंदरांनी खाल्लं. म्हातारा म्हणाला, उंदीर खातो तेव्हा टरफल तरी ठेवतो. पण पिशवीभर बी दिलं आणि मोबदला घेतला नाही.

परत येताना खिंडीत हद्दूनं मनाशी घोकून ठेवलं. फडकं तसलंच घ्यायचं, डबा तोच. बी ते बी. देशी ते देशी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यानं डबा तामिमुंतच्या पुढ्यात ठेवला. ती अंगणात उन्हाला बसली होती, नुंजा शेजारी लोकर विंचरत होती. तामिमुंतनं फडकं सोडलं, चिमूटभर बी तळहातावर घेतलं आणि हात उन्हाकडे कलता केला. अंगठ्यानं चोळलं. मग तिनं ते सगळं, एक दाणाही न सांडता, परत फडक्यात टाकलं.

"आपल्या बियावर ठिपके असतात," ती म्हणाली. "लाव्याच्या अंड्यावर असतात तसे. हे कुणाचं?"

घोकलेलं सगळं हद्दूच्या डोक्यातून गेलं. "खिंडीपलीकडचं. शाएब म्हणून आहे एक."

"आणि आपलं?"

"जाळलं."

नुंजाची विंचरणी थांबली होती.

"कधी?"

"तू दिलंस त्याच्या तीन आठवड्यांनी. गाडी दिसली वळणावर."

"झडती घेतली त्यांनी?"

"नाही. चहा पिऊन गेले."

तामिमुंतनं फडक्याची गाठ बांधली. मग म्हणाली, "जाळलंस ते भीतीनं जाळलंस. ते मला कळतं. मी तुला वळणावर थांबलेला पाहिलाय. पण त्या दिवशी गाडीत 'आहे' म्हणालास ते कशानं? तेव्हा तर कुणी तुझ्या मागं नव्हतं."

 हद्दूनं याचं उत्तर नंतर पुष्कळ शोधलं. तिचा आनंद मोडवला नाही, असं तो स्वतःला सांगून बघायचा. पण ते पुरं खरं नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं. तिच्या नजरेत लहान व्हायचं नव्हतं, एवढंच.

"तुला माहीत होतं?" तामिमुंतनं नुंजाला विचारलं.

"भट्टीपाशी मीच होते," नुंजा म्हणाली. "बाबा सांगतील असं वाटलं."

त्यावर तामिमुंत उठली. ती भावाला घालूनपाडून बोलली नाही, रडलीही नाही. फडकं घेऊन आत गेली आणि दाराला कडी लावली.

बी तिनं पेरलं. टाकून देणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं, आणि शाएबनं ते फुकट दिलंय हे नुंजानं तिला सांगितलं होतं. परवान्याच्या अर्जावर सही तिनं स्वतः केली. सोसायटीच्या मार्फत नाही, स्वतःच्या नावानं. हद्दू दोनदा गेला तेव्हा तिनं कामापुरतं बोलून त्याला वाटेला लावलं. नुंजाला मात्र रोज बोलावणं असायचं.

ते दक्षिणेकडचं बी होतं, उबेत वाढलेलं. इथल्या थंडीला ते बिचकलं. आपलं बी जूनमध्ये फुलायचं, हे जुलै अर्धा सरला तरी नुसतं पानं फोडत बसलं. हद्दू खालच्या वाटेनं जाता-येता मान वर करून बघायचा. त्याला दोघी दिसायच्या, वाकलेल्या. तामिमुंत बोट दाखवतेय, नुंजा धागा बांधतेय. दोन्ही तालींत मिळून धागे बांधायच्या लायकीची तेरा झाडं निघाली. बाकीची पिकायच्या आत सप्टेंबरच्या पावसानं झोडपली. त्या वर्षी तामिमुंतला परवान्यावर द्यायला माल असा झालाच नाही. तिनं तेरा झाडांचं बी काढलं आणि बाकीचं बकऱ्यांना घातलं.

सोसायटी त्याच सुमारास मोडली. उरलेल्या चारपैकी तीन घरांनी शहराजवळच्या एका मोठ्या सोसायटीत नावं घातली. हद्दूनं घातलं नाही. त्यानं स्वतःच्या शेतात बदामाची रोपं लावली. ती धरायला पाच-सहा वर्षं लागतात. बुश्ता म्हणाला, तोवर आपण दोघं टरफलं फोडायला तरी राहू का? हद्दू म्हणाला, नुंजा राहील.

नुंजानंच एकदा जेवताना बापाला विचारलं, की आत्याच्या हातचं मूळ बी परत कधी होईल. मग स्वतःच सांगितलं, "आत्याला विचारलं मी. ती म्हणाली, होणार नाही. दुसरं काहीतरी होईल. तेही तिच्या हयातीत नाही."

हद्दूनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. नुंजा म्हणाली, "जेवा, बाबा. हे तुम्हाला टोचायला नाही सांगितलं."

ऑक्टोबरच्या पावसात तामिमुंतच्या वरच्या तालीचा बांध खचला. तिनं कुणाला बोलावलं नाही. हद्दू आपणच पहार घेऊन गेला. ती दारात आली, त्याला पाहिलं, म्हणाली, "खालची ओळ आधी काढ, तिथंच पाणी मुरतंय," आणि आत गेली. तो चार दिवस दगड रचत होता. तिसऱ्या दिवसापासून दुपारी नुंजाच्या हातून चहा बाहेर येऊ लागला.

चौथ्या दिवशी दोघी आत बी निवडायला बसल्या होत्या. दार उघडं होतं. त्यांचा वाद लागला होता, की कडेच्या अक्रोडाखालचं झाड आधी फुललं की पायवाटेकडचं. धागा भिजून रंग गेला होता. तामिमुंत म्हणत होती अक्रोडाखालचं, नुंजाला खात्री नव्हती. हद्दूला माहीत होतं. त्यानं सगळा उन्हाळा खालून तेवढंच पाहिलं होतं. पायवाटेकडचं झाड आधी फुललं होतं, चांगलं आठ दिवस.

तो पहार टेकून उभा राहिला. मग दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबून सांगितलं.

तामिमुंतनं वर पाहिलं नाही. "नक्की?" तिनं नुंजाला विचारलं, जणू बोलली नुंजाच.

नुंजानं बापाकडे पाहिलं. "नक्की," ती म्हणाली.

तामिमुंतनं पायवाटेकडच्या झाडाचं बी वेगळं काढून पहिल्या वाटीत ओतलं. हद्दू बांधाकडे परतला. वरची ओळ अजून बाकी होती आणि पश्चिमेकडून पुन्हा ढग येत होते.